मदत हवी आहे: पावसात थ्री-कुशनची सरासरी घसरते, हिशेब कसा ठेवू?

नमस्कार मंडळी. बोटीवरची नोकरी संपवून गुहागरला परतलो आणि पडवीशेजारच्या खोलीत बिनखिशांचं कॅरम बिलियर्ड्स टेबल मांडलं. (शेजारचे काका अजून विचारतात, "भोकं खंय?") जोडीदार कोणी नाही, म्हणून एकटाच थ्री-कुशन खेळतो: आपला बॉल बाकी दोन्ही बॉलना लागायचा, पण दुसऱ्याला लागण्याआधी कुशनला (टेबलाच्या रबरी कडेला) किमान तीनदा आपटून, तरच एक गुण. एकूण गुण भागिले इनिंग (चुकेपर्यंतची एक पाळी), वहीत लिहून ठेवतो.

एप्रिल-मेमध्ये ६०० इनिंगमध्ये २४६ गुण, म्हणजे ०.४१. जुलैत २१० इनिंगमध्ये ६३. सरळ ०.३०! कापड दमट झालं की बॉल मंदावतो, तिसऱ्या कुशननंतर भलतीकडेच जातो. मोठ्या स्पर्धांत टेबलाची स्लेट (कापडाखालची दगडी लादी) गरम ठेवतात ती याचसाठी. माझ्याकडे खाली टांगलेले दोन बल्ब, तेही वीज असेल तर.

पावसाळ्याची सरासरी वेगळी मांडू, की शेवटच्या ३०० इनिंगची सरकती सरासरी काढू? एका चांगल्या संध्याकाळच्या पन्नासेक इनिंगवर मी हुरळतो आणि मग आठवडाभर तोंड पाडून बसतो.

आणखी एक. चुकल्यावर बॉल थांबले तिथूनच पुढची इनिंग धरतो. समोर बचाव करणारं कोणी नाही, मग माझा आकडा फुगलेलाच ना? किती वजा धरू?