पावसाळ्यात मुंबईला पाहुणे म्हणून गेलात तेव्हा काय झालं? (अनुभव धागा)

जुलैमध्ये मुंबईला जायचंय. भाचीची ॲडमिशन आहे, त्यातच दादरला एक लग्न पण आलंय. आम्ही सोलापूरचे, आमच्याकडे पाऊस म्हणजे ढग बघायचे आणि "गेला पुढच्या गावाला" म्हणायचं. मुंबईच्या पावसाचं दोनच प्रकारचं ऐकायला मिळतं, एकतर मरीन ड्राइव्ह, लाटा आणि भाजलेलं कणीस, नाहीतर बातम्यांमधलं कंबरभर पाणी. मधलं कोणी सांगतच नाही. बाहेरगावाहून पावसाळ्यात गेलेल्यांनी लिहा ना, कुठे अडकलात, काय खाल्लंत, कशाचे हाल झाले, काय आवडलं. मुंबईत राहणाऱ्यांनी पण लिहा, फक्त "आम्हाला सवय आहे" हे वाक्य सोडून.

लातूरकर

मी जूनअखेरीस मामाकडे भांडुपला गेलो होतो. रात्रभर धो धो पाऊस, सकाळी उठून बघतो तर गच्चीच्या पाइपातून मनगटाएवढी धार थेट गटारात पडतेय आणि कोणाचं लक्षसुद्धा नाही. आम्ही लातूरचे, 2016 ला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं गाव आमचं, मला ते बघवेना. मी बादली लावली खाली. वॉचमनला वाटलं गाडी धुवायचीय.

पण खरी गंमत पुढे आहे, लिफ्टमध्ये कागद चिकटवलेला, "पाणीकपात चालू आहे, पाणी जपून वापरा". बाहेर गुडघाभर पाणी आणि नळाला कपात! मामाला विचारलं तर म्हणे इथं पडून काय उपयोग, पाणी येतं भातसा, तानसा, वैतरणेतून, ते सगळं ठाणे-नाशिककडे. सात तलावांपैकी शहरात दोनच, विहार आणि तुळशी, आणि दोन्ही छोटे. त्यामुळं मुंबई बुडाली तरी शहापूरला पाऊस नसेल तर कपात राहतेच. रोज सकाळी मामा पेपरात तलावांचा साठा किती टक्के झाला ते बघतात, आमच्याकडे मांजरा धरणाचा बघतात अगदी तसंच. तेवढ्यापुरतं घरच्यासारखं वाटलं बघा.

घाटमाथा

मी कोल्हापूरचा, पाऊस आम्हाला नवा नाही, पण मुंबईच्या पाण्याचा हिशेबच वेगळा. आमच्याकडं पूर सांगून येतो. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर फुटात मोजतात, 39 ला इशारा, 43 ला धोका, त्यामुळं 35 झाली की लोक हळूहळू जनावरं, धान्य हलवायला लागतात, दोन दिवस हातात असतात. आणि एकदा आला की हलत नाही, 2019 च्या ऑगस्टला बघितलंच सगळ्यांनी. मुंबईत अर्ध्या तासात रस्ता गायब आणि संध्याकाळी बघावं तर काहीच झालं नाही असा कोरडा. सायनला मी स्वतः बघितलंय, दुपारी बसच्या पायरीवर पाणी होतं आणि रात्री त्याच जागी भुर्जीपाव.

त्याच 2019 ची गोष्ट, जुलै संपता संपता महालक्ष्मी एक्स्प्रेस मुंबईहून कोल्हापूरला निघाली ती वांगणीजवळ उल्हास नदीच्या पाण्यात अडकली. हजाराच्या वर माणसं होती गाडीत, एनडीआरएफ आणि नेव्हीनं बोटी लावून सगळी सुखरूप काढली. आमच्या गल्लीतले दोघं होते त्यात. त्यांना विचारलं भीती वाटली का, तर म्हणाले पाण्याची नाही, टॉयलेटची. आता यावर काय बोलणार.

अर्धी_छत्री

नागपूरची आहे मी. आमच्याकडे झडी लागते तेव्हा आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, त्यामुळे मी जरा तोऱ्यातच गेली होती नणंदेकडे मुलुंडला. पहिल्याच दिवशी नरिमन पॉइंटला छत्री उलटी झाली बाप्पा, म्हणजे काड्या वर आन् कापड माझ्या तोंडावर. बाजूनं जाणारा एक काका न थांबता म्हणतो, "मॅडम, समुद्राकडे तोंड करून धरा". पाऊस वरून येतच नाही ना तिथं, आडवा येतो, तर छत्री ढालीसारखी पुढं धरायची. मी पाहून राहिली तर सगळे ऑफिसवाले तसेच चालले होते, अन् अगदी जोराचं वारं आलं की छत्री सरळ बंद करून मुकाट भिजत होते.

दुसरं म्हणजे कपडे. जीन्स नेऊ नका! जीन्स नेऊ नका!! नणंदेच्या हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या, पंखा पाचवर, त्याखाली सगळ्या घराचे कपडे अन् त्यातून वाकून टीव्ही पाहायचा. तीन दिवस माझी जीन्स तिथं लटकत होती अन् शेवटी इस्त्रीनं वाळवली तर असा कुबट वास सुटला का विचारू नका. चामड्याच्या पर्सवर हिरवी बुरशी आली ते वेगळंच.

परळचा_पाहुणा

फिरायला नाही, वडिलांच्या ट्रीटमेंटसाठी परळला राहिलो होतो काही महिने, त्यात जून-जुलै आले. हौस म्हणून येणाऱ्यांचं आणि आमच्यासारख्यांचं वेगळं असतं म्हणून लिहितोय. पावसात हमखास पाणी तुंबतं तो हिंदमाताचा भाग तिथून जवळच. एका सकाळी वडिलांचा केमोचा दिवस आणि टॅक्सीवाले कोणी यायला तयार नाहीत, एकाने तर काच पण खाली केली नाही. शेवटी एका हातगाडीवाल्याने वडिलांना गाडीवर बसवलं, वर निळी ताडपत्री धरली, मी मागून ढकलत. त्याने पैसे घेतले, फुकट नाही नेलं, पण मध्ये एका ठिकाणी थांबून काठीने पाण्यात चाचपून बघितलं, गटाराचं झाकण उघडं आहे का ते. मला ते सुचलंही नसतं.

दोन गोष्टी सांगतो, ज्यांना दवाखान्यासाठी जायचंय त्यांनी लक्षात ठेवा. रिपोर्ट, स्कॅनच्या फिल्म, रेशनकार्डाची झेरॉक्स, सगळं कचऱ्याच्या काळ्या पिशवीत, तोंडाला रबर, आणि मग बॅगेत. नुसत्या प्लॅस्टिक फोल्डरमध्ये पाणी वरून शिरतं. आणि साचलेल्या पाण्यातून चाललात आणि पायाला साधी चीर जरी असली तरी डॉक्टरला सांगा. उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, तापाचा आजार) होतो. माझी टाच फुटलेली होती, ओपीडीतल्या डॉक्टरांनी वडिलांना तपासता तपासता माझ्या पायांकडे बघितलं आणि मला तो होऊ नये म्हणून डॉक्सीची (डॉक्सीसायक्लिन, अँटिबायोटिक) गोळी लिहून दिली. स्वतःच्या मनाने घेऊ नका, पण विचारा जरूर, आणि पहिल्या एक-दोन दिवसातच.

भरती_ओहोटी

मुंबईकर, तरी बोलतो. वर हिंदमाता आलंय म्हणून. तो भाग बशीसारखा आहे, चारी बाजूंचं पाणी तिथंच येतं. आता बीएमसीने जमिनीखाली मोठ्या टाक्या केल्यात पाणी साठवायला, त्यामुळे पूर्वीपेक्षा लवकर निचरा होतो, तुंबत नाही असं मात्र मी म्हणणार नाही.

बाहेरच्यांना एक गोष्ट कळत नाही ती म्हणजे भरती. किती पाऊस पडला यापेक्षा कधी पडला ते बघायचं. शहराचं पाणी शेवटी समुद्रातच जायचं, आणि मोठ्या भरतीला समुद्रच नाल्यांच्या तोंडांपेक्षा वर असतो, मग पाणी जाणार कुठे? म्हणून हाजीअली, लव्हग्रोव्ह, इर्ला इथे पंपिंग स्टेशनं बांधलीत. पेपरात भरतीची वेळ आणि उंची येते, साडेचार मीटरच्या वर असेल आणि त्याच वेळात मुसळधार चालू असेल तर बाहेर पडू नका, दोन-तीन तास थांबा, ओहोटी लागली की उतरतं. भरती रोज साधारण पाऊण-एक तास पुढे सरकते, आज दुपारी बाराला तर उद्या पाऊणच्या सुमारास. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासची भरती मोठी. लग्नाची तारीख सांगा, तिथी बघून सांगतो 😄

केळीच्या_देशातून

जळगावचा. 26 जुलै 2005. पहिल्याच नोकरीचा इंटरव्ह्यू फोर्टला होता, आणि मजा म्हणजे तिकडे साधा पाऊस चालू होता, लोक निवांत वडापाव खात होते. नंतर आकडे वाचले तेव्हा कळलं, सांताक्रूझला चोवीस तासात 944 मिलिमीटर आणि कुलाब्याला 75 पण नाही. एकाच शहरात! इंटरव्ह्यू झाला, सीएसटीला गाडी पकडली, कुर्ल्याला आत्याकडे जायचं होतं, गाडी मध्येच थांबली ती थांबलीच. फोन लागेनात. अंधार पडायला लागल्यावर लोक उतरले, मी पण उतरलो, रुळांवर पाणी, रूळ दिसत नव्हते, सगळ्यांनी एकमेकांचे हात धरून साखळी केली. माझ्या पुढे एक कॉलेजची मुलगी आणि मागे एक भाजीवाली मावशी, ती सारखी सांगत होती "पाय घासत चाल रे, उचलू नको". हे वाक्य मी आजही कुठल्याही पाण्यात पाळतो.

सायनच्या अलीकडे एका बिल्डिंगमधले लोक खाली उभे राहून हाका मारत होते, वर या वर या. चाळीसेक अनोळखी माणसं जिन्यात बसलो होतो, एका बाईंनी पातेलंभर खिचडी आणली आणि झाकणांमध्ये, डब्यांमध्ये, जे सापडेल त्यात वाढली. आत्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. नोकरी लागली नाही.

मे_महिन्यातच

आम्ही 2025 ला मुद्दाम पावसाच्या आधी म्हणून मे अखेर गेलो, तर 26 मेलाच मान्सून मुंबईत हजर, एरवी 11 जूनची तारीख असते. नव्या कोऱ्या भुयारी मेट्रोत बसायचं म्हणून मुलं नाचत होती आणि त्याच दिवशी आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी शिरल्याचं टीव्हीवर. मग राणीच्या बागेतल्या पेंग्विनवर भागवलं. बुधवारी बंद असते, वार बघून जा.

सुकट_बोंबील

इतके लोक लिहितायत आणि खाण्याबद्दल कोणीच नाही?? भजी-कटिंग सोडा हो, ती कुठेही मिळते. आमच्याकडे माहीमला दरवर्षी पुण्याचे पाहुणे येतात आणि जुलैत पापलेट मागतात. अहो, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, मासे अंडी घालतात तेव्हा, बोटी किनाऱ्याला. त्या दिवसात हॉटेलात जे "ताजं" पापलेट देतात ते बर्फातलं. तेव्हा खायची ती खाडीची चिवणी, गाबोळी भरलेली, किंवा सरळ सुके बोंबील, जवळा, सोडे.

आणि शाकाहारी असाल तर दादरच्या मंडईबाहेर सकाळी लवकर जा, पालघर-कर्जतकडच्या आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात, टाकळा, फोडशी, कुर्डू, कंटोली. जूनच्या सुरुवातीला गेलात तर शेवळं मिळतील, पण त्यांच्याकडूनच काकडं पण मागून घ्या, छोटी हिरवी आंबट फळं असतात, ती न घालता शेवळं केलीत तर घसा असा खाजेल की मुंबईला शिव्या घालाल. विकणाऱ्या बाईला विचारलं की ती हातवारे करून पूर्ण कृती सांगते, मागे रांग लागली तरी.

न्यूजर्सीहून_जुलैत

आमच्या मुलांच्या सुट्ट्या जुलै-ऑगस्टमध्येच, त्यामुळे दरवर्षी पावसातच येणं होतं, आईकडे बोरिवलीला. घरात बसून मुलं वैतागली म्हणून भर पावसात कान्हेरीला नेलं. आई ओरडत होती, पण पावसाळ्याशिवाय कान्हेरी बघूच नये असं माझं मत झालंय. शंभरावर लेणी आहेत, आणि कातळात कोरलेले बारीक पाट आहेत ते उन्हाळ्यात नुसत्या रेघा वाटतात. पावसात त्यातून पाणी वाहत येऊन लेण्याशेजारच्या पोढीत, म्हणजे कातळातल्या टाक्यात पडतं, आजही, इतक्या शतकांनंतर. मुलगा एका पाटावर पालापाचोळा अडकला होता तो काढत बसला आणि पाणी पुन्हा चालू झाल्यावर त्याला जे काय वाटलं, आयपॅडवर तसं तोंड कधी बघितलं नाही मी त्याचं. भिक्खू पावसाळ्यात फिरणं थांबवून एका जागी राहायचे, वर्षावास, तर ही सोय त्यांच्यासाठीच. पायऱ्या शेवाळलेल्या असतात, ग्रिप असलेले बूट घाला. सोमवारी बंद.

अक्सा बीचला मात्र पावसाळ्यात पाण्यात अजिबात उतरू नका, मुलांना घेऊन तर नाहीच. आणि गेटवेवरून मांडव्याला जायच्या लाँचेस पावसाळ्यात बंद असतात, आम्ही तिथून परत आलोय.

डोंबिवलीचा_यजमान

धागा चांगला आहे, पण ज्यांच्याकडे तुम्ही उतरता त्यांची पण बाजू ऐका जरा. पावसाळी पाहुण्यांसाठी माझ्या मागण्या. एक, एम-इंडिकेटर हे लोकलचं ॲप डाऊनलोड करा आणि "गाडी चालू आहे का" हे मला ऑफिसात फोन करून विचारू नका, त्यातल्या चॅटवर तुमच्या पुढच्या स्टेशनातला माणूस तुम्हाला माझ्याआधी सांगेल. मध्य रेल्वे बंद पडते ती बहुतेक सायन-कुर्ल्याच्या पाण्याने, तेव्हा घाटकोपरला उतरून मेट्रोने अंधेरी आणि तिथून वेस्टर्नने दादर, लांबचा पडतो पण जमतं, वेस्टर्न पण बसली असेल तर गप घरी बसायचं. दोन, घाटात दरड आली की पुण्या-नाशिककडच्या गाड्या रद्द होतात, तेव्हा परतीच्या तारखेला एक दिवस जास्तीचा धरा आणि ते आम्हाला आधीच सांगा, म्हणजे दूध जास्त सांगता येतं. तीन, "मुंबईचं स्पिरिट" हा शब्द माझ्या घरात काढायचा नाही. चार तास उभं राहून घरी आलेल्या माणसाला स्पिरिट नसतं, त्याला पाय शेकायला गरम पाणी पाहिजे असतं. आणि चौथं, ओल्या चपला दारातच. आमच्या सोसायटीचे जिने पुसणाऱ्या मावशी जुलैमध्ये चेअरमनचं पण ऐकून घेत नाहीत.