डिझायर डिझेलचं इंजिन बसलं: कोल्हापूरचं जुनं इंजिन घ्यावं की आहे तेच बांधावं?

नमस्कार मंडळी,

मी खानापूर तालुक्यातला, नोकरी बेळगावात. घरात एकच गाडी आहे, २०१३ ची डिझायर डिझेल, पासिंग केए २२. बॉडी ठणठणीत आहे, तळाला गंज नाही, गिअरबॉक्स आणि एसी दोन्ही उत्तम. इंजिन मात्र बसलंय आणि या रविवारपर्यंत कोल्हापूरच्या एका स्क्रॅपवाल्याला हो की नाही ते सांगायचंय. जाणकारांनी जरा सविस्तर लिहावं ही विनंती.

जांबोटीहून घरी येताना ऑइलचा लाल दिवा लागला. गाडी लगेच कडेला घेऊन बंद केली, पण तेवढ्यात खालून ठोके सुरू झाले होते. टो करून गॅरेजला नेली. मिस्त्रींनी चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवलं तर तळाच्या ऑइलात सोनेरी चुरा चमकत होता आणि सक्शनच्या जाळीवर काळा चिकट गाळ बसलेला. तीन नंबरच्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. दोन्ही शेल (बेअरिंगचे अर्धगोल तुकडे) जागा सोडून एकमेकींवर चढलेल्या, वरचा थर पूर्ण गेलेला, खालचं तांबं उघडं. क्रँकच्या त्या जर्नलवर (बेअरिंग जिथे बसतं तो गोल भाग) नख अडकेल इतक्या खोल रेघा आणि एका बाजूला निळसर डाग. बाकीची तीन बेअरिंगं घासलीत, पण जागेवर आहेत. हेड अजून उतरवलेलं नाही.

मिस्त्रींचं म्हणणं, "इंजिन बदलून टाका, दोन दिवसांत गाडी रस्त्यावर." त्यांच्या ओळखीच्या स्क्रॅपवाल्याकडे पुढून ठोकलेल्या स्विफ्टचं इंजिन आहे. टर्बो, इंजेक्टर, पंप, अल्टरनेटर सगळ्यासकट ६५ हजार. मजुरी, क्लच प्लेट, ऑइल, कूलंट मिळून वर २० हजार. सत्तर हजार किलोमीटर चाललंय असं तो सांगतो, पण मीटर गाडीबरोबर गेलं आणि गाडी कापून झाली. इंजिन जमिनीवर टायरवर ठेवलंय, चालू करून दाखवता येणार नाही. "बसवून चालू नाही झालं तर परत घेतो," ही हमी तोंडी. बिल देतो म्हणाला, पण बिलावर इंजिन नंबर टाकायला तयार नाही. मला खटकलंय ते इथेच.

त्याच्याकडे टाटा इंडिका व्हिस्टाचं क्वाड्राजेट डिझेल इंजिनही पडलंय, ते ४० हजारांत देतो म्हणतो. "दोन्ही एकच इंजिन, फियाटचं." ते बरोबरच आहे, १२४८ सीसीचं मल्टिजेट स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, पुंटो, लिनिआ, व्हिस्टा अशा कितीतरी गाड्यांत होतं. पण माउंटिंग, वायरिंग आणि ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) वेगळे असताना ते माझ्या गाडीत सरळ बसेल यावर माझा विश्वास नाही. एर्टिगा आणि सियाझमधलं ९० पीएसचं इंजिनही याच सीसीचं, पण त्याचा टर्बो व्हेरिएबल जॉमेट्रीचा, माझ्या ७५ पीएसवाल्याचा साधा. त्यामुळे या दोन्ही वाटा मी सोडल्यात. कोणी व्हिस्टाचं इंजिन डिझायरमध्ये बसवून वर्षभर तरी चालवलं असेल तर जरूर सांगा.

दुसरी वाट म्हणजे आहे तेच इंजिन बांधणं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातल्या एका वर्कशॉपने क्रँक ग्राइंडिंग, होनिंग, रिंगा, बेअरिंग, टायमिंग चेन, हेडचं काम धरून ९० हजार ते सव्वा लाख असा अंदाज दिलाय. "उघडल्यावर कळेल," हे आहेच. ज्या बेळगावात क्रँकशाफ्ट तयार होतात, जिथलं कास्टिंग देशभर जातं, तिथे राहून दुसऱ्याचं न पाहिलेलं इंजिन भंगारातून उचलायचं हे माझ्या मनाला पटत नाही. पण मन एक सांगतं आणि खिसा दुसरं. चालू स्थितीत या गाडीला अडीच ते तीन लाख मिळतील, आहे तशी विकली तर सत्तर हजारांच्या वर कोणी बोलत नाही. आरसी २०२८ पर्यंत आहे. आईला दवाखान्यात न्यायला आणि मला रोज बेळगाव गाठायला हीच गाडी, त्यामुळे महिनाभर उभी ठेवणंही परवडत नाही.

तर मला हे हवंय: जमिनीवर पडलेलं इंजिन चालू न करता कसं तपासायचं? एमएच पासिंगच्या गाडीचं इंजिन केए गाडीत घालताना आरटीओ कोणते कागद मागतो? आणि निळा पडलेला क्रँक ग्राइंडिंग करून टिकतो का?

निपाणीकर

आधी एक विचारा, ती स्विफ्ट ठोकलेलीच होती की बुडालेली? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा आणि कृष्णेच्या पुरात कोल्हापूर, सांगली आणि आमच्या चिकोडी भागात पाणी शिरलं तेव्हा गाड्याही बुडाल्या. बुडालेल्या गाडीचं इंजिन धुऊन पुसून ठेवलं की वरून कळत नाही. अल्टरनेटरच्या जाळीतून टॉर्च मारून आत बघा, मातीचा थर अडकलेला असतो. इंटरकूलरचा पाइप सोडवून आतून बोट फिरवा. इंजेक्टरच्या खड्ड्यांत गंज आणि अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी दिसली तर तिथूनच परत फिरा. इंजिन चालू असताना पाणी आत ओढलं गेलं असेल तर रॉड वाकतो. तसं इंजिन काही काळ चालतंही, मग एक दिवस ब्लॉक फोडून रॉड बाहेर येतो.

टर्नर, उद्यमबाग

मी मशीन शॉपमध्ये काम करतो, म्हणून जरा लांब लिहितो.

जमिनीवरच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन मोजू म्हणाल तर जमणार नाही. स्टार्टर गिअरबॉक्सच्या घंटेवर बसतो, गिअरबॉक्स सोडवलेला असेल तर इंजिन फिरवायचं कशानं? गळतीची चाचणी मात्र होते. ग्लो प्लग काढा, पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने क्रँक पूर्ण दोन फेरे फिरवा. कुठे अडकतंय, कुठे एकदम सैल होतंय ते हाताला कळतं. मग एकेक सिलिंडर कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून ग्लो प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडा आणि कान द्या. ऑइल कॅपमधून जोराची फुंकर आली तर रिंगा गेल्या. एक्झॉस्टच्या तोंडातून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, इनटेकमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह. पाण्याच्या जागेत बुडबुडे आले तर गॅसकेट किंवा हेडला चीर. थोडी गळती सगळ्याच इंजिनांत असते, चारपैकी एकच वेगळं वागतंय का ते बघायचं. चेंबर उतरवून दाखवायला सांगा. तो नाही म्हणाला तर विषय संपला.

पुढून ठोकलेली गाडी असेल तर क्रँकची पुली फिरताना डुगडुगते का बघा. चेंबरला ठोकर बसली असेल तर आतली सक्शन पाइप दबलेली असते. मग तुमच्या इंजिनाचं जे झालं तेच त्याचंही होईल.

आता तुमच्या क्रँकचं. निळा पडला म्हणजे तिथे ताप भरपूर झालाय, कडकपणा गेलेला असू शकतो. आधी क्रॅक टेस्ट करा, मग मायक्रोमीटरने जर्नल किती गोल राहिलाय ते मोजा. आणि त्याच्याही आधी दुकानात विचारा, या क्रँकला ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर अंडरसाइज बेअरिंग (घासून बारीक झालेल्या क्रँकसाठीचं) हातात मिळतंय का. बेअरिंग नसताना क्रँक घासून ठेवला तर दोन्हीकडून गेलात. तीन नंबरचा रॉड बदलायचाच, शेल फिरलेला रॉड पुन्हा वापरू नका.

माझं ऐकाल तर तिसरी वाट आहे. पूर्ण इंजिन घेऊच नका, त्याच मॉडेलचा स्टँडर्ड साइजचा जुना क्रँक आणि एक रॉड तेवढा घ्या. क्रँक टेबलावर ठेवून मोजता येतो बघा, मीटर किती चाललं त्याची गोष्ट ऐकावी लागत नाही. तुमचा ब्लॉक तसाच राहतो, म्हणजे इंजिन नंबरही तोच राहतो. तेवढीच आरटीओची वारी वाचली. ब्लॉकमधली मेन बेअरिंगची बोअर सरळ आहे का ते मात्र आधी तपासून घ्या.

आणखी एक, कोणतंही इंजिन बसवा, तुमचा जुना ऑइल कूलर त्याला लावू नका. बेअरिंगचा चुरा त्यात अडकून बसतो, धुऊनही पूर्ण जात नाही आणि पहिल्याच दिवशी नव्या बेअरिंगमध्ये जातो. टर्बोची ऑइल पाइप नवी घ्या, इंटरकूलर धुऊन घ्या. इतकं काम करून पुन्हा तेच बेअरिंग गेलेली इंजिनं माझ्या टेबलावर येतात, म्हणून कळकळीने सांगतोय.

कागदवाला

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. परवानगी न घेता इंजिन बदललं असेल तर १४ दिवसांत आरसी आणि फीसह आपल्या नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. आरसीवर नवा नंबर चढला की विमा कंपनीकडूनही पॉलिसीवर तो करून घ्या. अपघात झाला तर सर्व्हेअर आधी चेसिस आणि इंजिन नंबर जुळवतो.

ज्या गाडीचं इंजिन घेताय ती निकालात निघाली असेल तर तिच्या मालकानेही कलम ५५ प्रमाणे आरटीओला कळवून आरसी रद्द करायची असते. त्या कागदाची प्रत मागा. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) वाहन समन्वय सेवेत इंजिन नंबर टाकून चोरीची नोंद आहे का बघता येतं, ते पैसे देण्याआधी करा. बिलावर नंबर टाकायला तयार नसलेल्या माणसाकडून इंजिन घेऊ नका. उद्या ती गाडी चोरीची निघाली तर चौकीवर बसायची वेळ तुमच्यावर येईल, त्याच्यावर नाही.

चंदगडी

थोडं वेगळं मत. माझ्या भावाच्या डिझायरला जुनंच इंजिन आहे, टुरिस्टला चालते, काही तक्रार नाही. पण त्याने इंजिन गाडीत असताना, गाडी उभी असताना, सकाळी थंडीत स्वतः स्टार्ट करून घेतलं होतं. धूर बघितला, ऑइल कॅप उघडून फुंकर बघितली, मग समोर उतरवून आणलं. ईसीएम आपलाच ठेवला आणि इंजेक्टर त्या इंजिनाचे वापरले म्हणून त्यांचे कोड स्कॅनरने आपल्या ईसीएममध्ये भरून घेतले. तसं इंजिन मिळालं तर जरूर घ्या.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. स्क्रॅपवाल्याला फोन केला. चेंबर उतरवून दाखवतो म्हणाला, पण बिलावर नंबर टाकणार नाही यावर ठाम राहिला. त्याला नाही सांगितलं. नुसता क्रँक आणि रॉड देणार का विचारलं तर तयार आहे, १४ हजार म्हणतो. माप बसलं नाही तर परत घेईन हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनही दिलंय.

मिस्त्री जरा नाराज झाले, पण इंजिन उतरवून द्यायला तयार आहेत. ब्लॉक आणि माझा क्रँक सोमवारी उद्यमबागेत जातोय. क्रॅक टेस्टमध्ये माझाच क्रँक पास झाला आणि अंडरसाइज बेअरिंग मिळालं तर तोच घासून घेईन, नाहीतर कोल्हापूरचा आणून मोजून घेईन. टर्नरसाहेब, एक राहिलं: हेड उतरवल्यावर नुसतं प्लेन करून (घासून सपाट करून) पुरेल की प्रेशर टेस्टही करून घेऊ? दिवा लागला तेव्हा तापमानाचा काटा मध्यावरच होता.

टर्नर, उद्यमबाग

प्रेशर टेस्ट करूनच घ्या, ब्लॉकबरोबरच पाठवा. प्लेन करायचं की नाही ते सरळपट्टी ठेवून बघितल्यावर ठरवू, गरज नसेल तर घासायचं नाही. कॅमशाफ्टच्या बसायच्या जागाही बघायला सांगा, ऑइल कमी पडलं की वरच्या भागालाही झळ लागते.