बी विंग ग्रुप : सीबीडी तेलाची ऑर्डर देण्याआधी

नलिनीकाकू (३०२): नमस्कार मंडळी. गुडघ्यांसाठी सीबीडी ऑइल कुणी वापरलंय का? हास्यक्लबमधल्या एकींनी नंबर दिला. फोनवरचा मुलगा म्हणतो, ३० मिलीची बाटली २,४०० रुपयांना, पैसे आधी पाठवायचे, चिठ्ठी लागत नाही, “पूर्ण नॅचरल आहे मावशी”. लिफ्ट बंद असल्यापासून हे जिना चढून आले की अर्धा तास कुणाशी बोलत नाहीत. बघवत नाही हो.

अमोल (५०१): काकू, ते गांजाचंच असतं ना? उगाच पोलिसांचं लफडं नको.

सुनंदाताई (१०४): झाड तेच, अमोल. सीबीडी हा त्या झाडातला एक घटक. पण १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात चरस येतो आणि शेंड्याकडची फुलंफळं, म्हणजे गांजा येतो. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत नाहीत. आपल्याकडची औषधं म्हणून पानांच्या अर्कापासून करतात, आयुर्वेदिक परवान्यावर. लेबलवर ‘विजया’, म्हणजे भांग, असं लिहिलेलं असतं. दुकानात गिऱ्हाईक आहे, दुपारी सविस्तर लिहिते. काकू, तोवर पैसे पाठवू नका.

सेक्रेटरी: उद्या सकाळी ९ ते १ टाकी साफ करणार आहेत. पाणी भरून ठेवावे.

नलिनीकाकू (३०२): पैसे नाही पाठवले गं. पण हास्यक्लबमधल्या त्या बाईंनी स्वतःची अर्धी बाटली दिलीय, काल रात्री ह्यांनी जिभेखाली अर्धा ड्रॉपर घेतला. फोटो टाकते.

सुनंदाताई (१०४): काकू, आज दुसरा डोस देऊ नका. काका वॉरफरिनवर, म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीवर, आहेत ना अजून? हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशननंतरचं?

नलिनीकाकू (३०२): हो, रोज रात्री. पण हे तर तेल आहे ना?

सुनंदाताई (१०४): फोन करते.

सुनंदाताई (१०४): बोलणं झालं. काकूंनी सगळ्यांसाठी लिही म्हटलं, म्हणून लिहिते. मी २२ वर्षं औषधाच्या दुकानात बसते आणि मला खरी काळजी ह्याच एका गोष्टीची आहे. वॉरफरिन यकृतातल्या ज्या एन्झाइममुळे मोडतं, त्यांनाच सीबीडी अडवतं. गोळी तेवढीच घेतली तरी रक्तात साठत जाते, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, चढतो, आणि नाकातून, हिरड्यांतून, कधी आत पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. फिट्सच्या काही गोळ्यांशीही त्याचं असंच वाकडं आहे. अमेरिकेत २०१८मध्ये लहान मुलांच्या दोन दुर्मीळ फिट्सच्या आजारांसाठी सीबीडीचं औषध मंजूर झालं, तेसुद्धा यकृताच्या रक्ततपासण्या करत करत देतात. ज्याला डॉक्टर इतकं जपून देतात, ते आपण हास्यक्लबच्या चिठ्ठीवर घ्यायचं?

आता फोटोतल्या बाटलीबद्दल. पुढे हिरवं पान आणि मोठ्या अक्षरांत १५०० मि.ग्रॅ. मागे बारीक अक्षरांत ‘हेम्प सीड ऑइल’, म्हणजे ह्याच झाडाच्या बियांचं तेल, आणि खाली एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर. तो नंबर खाण्याच्या वस्तूंना मिळतो. बियांचं तेल २०२१पासून आपल्याकडे खाद्यपदार्थ म्हणून चालतं, जवसाच्या तेलासारखं. बियांत सीबीडी जवळजवळ नसतंच. मग १५०० कशाचे? एक तर पुढचं लेबल खोटं, नाहीतर आत न सांगितलेलं काही मिसळलंय. काकांच्या बाबतीत दुसऱ्याची भीती जास्त.

आणि फोटो मोठा करून बघा, बॅच नंबरच्या जागी आधीचं लेबल खरवडून वर दुसरं चिकटवलंय. कडेला जुन्या कागदाचा पांढरा कोपरा दिसतोय.

अमोल (५०१): मग खरी बाटली ओळखायची कशी, ताई?

सुनंदाताई (१०४): खऱ्या औषधावर आयुर्वेदिक उत्पादन परवान्याचा नंबर असतो. भांग औषधांच्या नियमांतल्या ई-१ यादीत आहे, म्हणून पोटात घ्यायच्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे’ अशी सूचना इंग्रजी आणि हिंदीत छापावी लागते. म्हणजे “चिठ्ठी लागत नाही” म्हणणारा तिथेच नापास. नीट विकणारे आधी डॉक्टरशी बोलायला लावतात.

मग आकडे. ‘अर्क १००० मि.ग्रॅ.’ म्हणजे सीबीडी १००० मि.ग्रॅ. नव्हे, अर्कात बाकीचंही बरंच असतं. सीबीडी किती आणि टीएचसी किती, हे वेगवेगळं लिहिलेलं हवं. टीएचसी हा त्याच झाडातला दुसरा घटक, नशा त्याने होते. समजा ३० मिलीत खरोखर १००० मि.ग्रॅ. सीबीडी असेल, तर एका मिलीत साधारण ३३ येतात. हा हिशेब मांडता आला तरच डॉक्टर डोस सांगू शकतील.

आणि बाहेरच्या प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल मागायचा, बाटलीवरचाच बॅच नंबर असलेला. हे झाड जमिनीतलं शिसं, कॅडमियम ओढून घेतं, त्यामुळे जड धातू, कीटकनाशकं आणि अर्क काढायला वापरलेलं द्रावण, तिन्हींची तपासणी झालेली हवी. २०१७मध्ये अमेरिकेत इंटरनेटवरून घेतलेल्या ८४ उत्पादनांची तपासणी झाली होती. लेबलशी जुळणारं सीबीडी फक्त २६मध्ये निघालं. १८मध्ये टीएचसी सापडलं.

राहुल (७०३): हे १८वालं वाचून दचकलो. मी जहाजावर असतो, आमची लघवीची तपासणी न सांगता होते. पाठदुखीसाठी ‘फुल स्पेक्ट्रम’ मागवणार होतो.

सुनंदाताई (१०४): नको रे दादा. फुल स्पेक्ट्रम म्हणजे थोडं टीएचसी ठेवलेलंच असतं. ‘शून्य’ छापलेल्या बाटलीवरही मी तुझी नोकरी लावणार नाही.

कीर्तीताई (४०३): माझी सून पुढच्या आठवड्यात न्यू जर्सीहून येतेय, दुबईमार्गे. सीबीडीच्या गमी आणते म्हणाली. तिकडे दुकानात सर्रास मिळतात.

सुनंदाताई (१०४): आजच फोन करून नाही सांगा. दुबईत सीबीडी चालत नाही, बॅगेत सापडलं तर ती तिथेच अडकेल. आपल्याकडेही धोका आहेच. तिकडचा माल बहुतेक फुलांपासून काढतात, आणि फुलं तर आपल्या कायद्यात येतात. शिवाय तुमच्याकडे चार वर्षांचा नातू आहे. जेलीच्या गोळ्या दिसल्या की पोर हात घालणारच.

कीर्तीताई (४०३): केला फोन. नाही आणत.

अमोल (५०१): पण ताई, गुडघ्याला फायदा होतो का मुळात?

सुनंदाताई (१०४): काहींना बरं वाटतं म्हणतात. पण सांधेदुखीवर पक्का पुरावा अजून उभा राहिलेला नाही, आणि “संधिवात मुळासकट घालवतो” अशी जाहिरात करायला तर आपल्याकडे १९५४च्या कायद्याने बंदी आहे. मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम मात्र गुडघ्याला खरंच उपयोगी पडतात. आणि काकू, काउंटरवरच्या साध्या दुखण्याच्या गोळ्याही काकांना परस्पर देऊ नका, वॉरफरिनबरोबर त्यातल्या बऱ्याच चालत नाहीत.

नलिनीकाकू (३०२): हृदयाच्या डॉक्टरांना आत्ता फोन केला. तेल बंद, गोळी चालू ठेवा म्हणाले, आणि गुरुवारी सकाळी आयएनआर करा. काळे शौच किंवा हिरड्यांतून रक्त दिसलं तर लगेच या, थांबू नका. आत्तापर्यंत तसं काही नाही. गुडघ्याला फिजिओथेरपिस्टची चिठ्ठी देणार आहेत. बाटली मी सुनंदाकडे दिलीय, ज्यांनी दिली त्यांनाही फोटो पाठवला. बिचाऱ्यांना ठाऊकच नव्हतं, त्याही बीपीच्या गोळ्या घेतात.

सुनंदाताई (१०४): त्यांना माझा नंबर द्या काकू. मी बोलते.

नलिनीकाकू (३०२): गुरुवारपर्यंत लिफ्ट सुरू होईल का हो सेक्रेटरी? तीन मजले उतरवून लॅबमध्ये न्यायचं म्हणजे परत येताना…

सेक्रेटरी: पार्ट शुक्रवारी येतोय.

अमोल (५०१): काकू, लॅबवाल्याला घरीच बोलावतो. सकाळी साडेसातची वेळ चालेल?

नलिनीकाकू (३०२): चालेल. चहा माझ्याकडे घे.