देव म्हणायला कमीत कमी काय लागतं?

तर्कट: देव आहे की नाही, हा वाद नंतर. आधी देव कशाला म्हणायचं ते ठरवू. माझ्या तीन अटी: जग त्याने केलेलं असावं, त्याला सगळं कळावं, सगळं करता यावं. एक जरी कमी पडली तर तो फार तर आपल्यापेक्षा दांडगा प्राणी.

जुनी_पोथी: मग पतंजलींचा ईश्वर बाद! योगसूत्रात (1.24) ईश्वर म्हणजे क्लेश, कर्म, त्याची फळं आणि वासना (मनात साचलेले संस्कार) यांचा स्पर्श नसलेला विशेष पुरुष. पुढे तो सर्वज्ञ आहे, पूर्वीच्या गुरूंचाही गुरू आहे. पण जग त्याने घडवलं असं एकही सूत्र म्हणत नाही. जैनांचे सिद्ध, म्हणजे मुक्त झालेले जीव, तेही सर्वज्ञ, आणि निर्मितीशी त्यांचा काडीचा संबंध नाही. ‘कार्य आहे म्हणजे कर्ता हवा’ हा नैयायिकांचा, म्हणजे न्याय दर्शनवाल्यांचा हट्ट. तो सगळ्यांच्या गळ्यात का?

शेंदूर: आमच्या बांधावर म्हसोबा आहे. जग सोडा, त्याला स्वतःवर पत्रा टाकून घेता आलेला नाही. रस्ता रुंद करताना जेसीबीवाल्याने आधी नारळ फोडला, मग त्याला उचलून चार पावलं आत ठेवला. शेंदराचा थर बोटभर, आतला दगड कुणी पाहिलेला नाही. त्याला विचारल्याशिवाय आमची पेरणी होत नाही. माझ्या लेखी एवढं पुरे.

तर्कट: विचारल्याशिवाय तलाठ्याकडेही पान हलत नाही. तोही देव?

शेंदूर: त्याचा नवस आगाऊ फेडावा लागतो, एवढाच फरक 😄

सातबारा: तलाठ्यावरून आठवलं. 1925 साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सर्वात वरच्या कोर्टाने, मूर्तीला कायदेशीर व्यक्ती मानलं. 2019 च्या अयोध्या निकालातही रामलल्लांना ते स्थान मिळालं, जन्मस्थानाच्या जागेला मात्र नाही. शक्ती किती, हे कोर्टाने विचारलंच नाही. आणि गंमत म्हणजे मूर्तीला कायदा ‘अज्ञाना’सारखं, म्हणजे अल्पवयीन मुलासारखं धरतो, व्यवहार दुसऱ्याने बघायचा. पोथीत सर्वज्ञ, कोर्टात अज्ञान!

जुनी_पोथी: ती मालमत्तेची सोय झाली. देवाची व्याख्या वकिलांकडून नको.

तर्कट: बरं, निर्मितीची अट सोडतो. पतंजलींनी अडवलं खरं. सर्वज्ञतेवर मात्र ठाम आहे. माझ्या मनातलं ज्याला कळत नाही, त्याच्यापुढे हात का जोडू?

शेंदूर: आमची आई म्हसोबाशी मोठ्याने बोलते. त्याला ऐकू कमी येतं म्हणते.