धान्यसाठ्याचा प्रश्न सुटेपर्यंत बाकी करार अडवावेत का?

काटेकोर: जागतिक व्यापार संघटनेच्या दर मंत्रिपरिषदेत सरकारी धान्यसाठ्याचा, म्हणजे सरकारने हमीभावाने धान्य घेऊन साठवण्याचा विषय निघतो आणि पुढच्या परिषदेवर ढकलला जातो. विकसनशील देशांनी आता तो सुटेपर्यंत दुसऱ्या कशावरही सही करू नये. हिशोब तरी बघा! आजचा हमीभाव वजा १९८६-८८चा आंतरराष्ट्रीय भाव, गुणिले खरेदीपात्र उत्पादन, की झालं 'अनुदान'. ते त्या पिकाच्या उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांवर गेलं की नियमभंग.

गलबत: अवाजवी महागाईचा विचार व्हावा असं कृषी करारातच आहे, कलम १८.४. शिवाय २०१३ला बालीच्या परिषदेत 'शांतता कलम' मिळालं, म्हणजे मर्यादा ओलांडली तरी तक्रार होत नाही; भारताने तांदळासाठी ते वापरलंही. मग ओरड कशाची? सरकारी गोदामातला स्वस्त तांदूळ निर्यातीत शिरला तर थायलंडच्या शेतकऱ्याने काय करायचं, यावर कोणी बोलत नाही.

काटेकोर: १८.४ कसं लावायचं यावर एकमत आहे कुठे? आणि शांतता कलम फक्त २०१३मध्ये चालू असलेल्या योजनांना. उद्या आफ्रिकेतल्या एखाद्या देशाने नवी धान्यखरेदी सुरू केली तर त्याला संरक्षण शून्य. खरी मेख पुढेच आहे. ज्या श्रीमंत देशांनी १९८६-८८च्या काळात भरमसाट अनुदानं दिली, त्यांना थोडी कपात करून उरलेली देत राहण्याचा हक्क मिळाला. ज्यांच्याकडे तेव्हा द्यायला पैसेच नव्हते, ते १० टक्क्यांत अडकले. साठ्यातल्या धान्याच्या निर्यातीत होणाऱ्या गळतीचं म्हणाल तर निर्यातीवर अट घाला, साठ्यावर कशाला?

आडतदार: गळतीवर अट हवीच, पण अडवणूक पटत नाही. निर्णय सर्वसहमतीने होतात, त्यामुळे १६६ सदस्यांपैकी कोणीही नाक दाबू शकतो. मासेमारी अनुदानांची बोलणी २००१च्या दोहा परिषदेपासून चालली आणि करार २०२२ला जिनिव्हात झाला. तोही धान्यासाठी रोखायचा होता? त्यात देशांमधल्या वादांवरची अपिलं ऐकणारं संघटनेचं अपील मंडळ डिसेंबर २०१९पासून ठप्प. हरलेला देश अपील करून निकाल लटकवतो, म्हणजे नियम बदलून घेतला तरी तो पाळायला लावणार कोण? तूर्त शांतता कलम नव्या योजनांनाही लागू करा, एवढंच मागावं.

काटेकोर: एवढंच मागितलं तर त्यावरच बोळवण होईल. कायमचा तोडगा ११व्या परिषदेपर्यंत काढायचा असं बालीत लिहून दिलं होतं. ती २०१७ला ब्युनोस आयर्समध्ये झाली, तोडग्याविना.