मदत हवी आहे: गरम हवा वर जाते, हे धुराशिवाय कसं दाखवू?

नमस्कार मंडळी. आम्ही हर्णैला राहतो. सुट्टीत भाची आली आहे, पाचवीतली. खारे वारे आणि मतलई वारे तिला पुस्तकातून पाठ आहेत, पण जमिनीवरची हवा तापली की वर जाते हे तिला डोळ्यांनी बघायचंय.

बाटलीच्या तोंडाला फुगा लावून बाटली गरम पाण्यात धरली. फुगा उभा राहिला, पण त्यातून हवा प्रसरण पावते एवढंच कळतं. मग झावळीचा हीर मधोमध दोऱ्याने टांगला, दोन्ही टोकांना कागदी पिशव्या उपड्या अडकवल्या आणि एकीच्या बरीच खाली पणती ठेवली. ती पिशवी हळूहळू वर गेली. भाची म्हणाली, "मावशी, धूर भरला म्हणून गेली ना वर?"

ही शंका मला फार मोलाची वाटते. गरम हवेचे मोठे फुगे उडवणाऱ्या फ्रान्समधल्या माँगोल्फिए बंधूंनाही तेच वाटायचं, म्हणून ते गवत आणि लोकर जाळून दाट धूर करत. १७८३ च्या सप्टेंबरात व्हर्सायला त्यांच्या फुग्यातून मेंढी, बदक आणि कोंबडा वर गेले, तेही धुराच्या भरवशावर! तेव्हा तिला नुसतं "नाही गं" म्हणून गप्प करायचं नाहीये.

धुराशिवाय उष्णता द्यायची कशी? एलईडी बल्बने पिशवीतली हवा पुरेशी तापत नाही. वाफ घेतली तर कागद ओला होऊन जड होतो, शिवाय वाफ मुळातच हवेपेक्षा हलकी, म्हणजे नवा घोळ. आणि दुपारी पडवीत वारा असा सुटतो की हीर गरगर फिरतो. कोणी करून पाहिलं असेल तर सांगा.

प्रतिसाद:
ताई, भाकरीचा लोखंडी तवा घ्या. तेलाचा अंश राहिला तर धूर येईल, म्हणून आधी घासून कोरडा करा. गॅसवर तापवा, गॅस बंद करून तवा विटेवर ठेवा आणि पिशवी वीतभर वर येईल असं बघा. तवा तुम्हीच उचला, मुलीला लांब बसवा.

हीर बारीकच हवा. ३० अंशांना एक लिटर हवा साधारण १.१६ ग्रॅम भरते, ६० अंशांना १.०६. पाच लिटरच्या पिशवीत फरक पडतो जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा. जाड काठी तेवढ्याने हलत नाही.

उलट बाजूही दाखवा. काचेच्या बरणीत उदबत्तीचा धूर कोंडा, झाकण लावून गार होऊ द्या, मग अलगद उघडा. धूर आतच रेंगाळतो. वाऱ्यासाठी माजघरात दारं लावून करा, पंखा बंद. नाहीतर तिन्हीसांजेनंतर, खारा वारा पडतो आणि मतलई अजून सुटलेली नसते तेव्हा.

धागाकर्ती:
मनापासून आभार! तव्यावर पिशवी वर गेली आणि बरणीतला धूर बराच वेळ तळाशी बसून होता. भाचीने स्वतःहून सांगितलं, "धूर नाही, गरम हवा."

आता तिचा पुढचा प्रश्न: दुपारी पुळणीवर पाय भाजतात, मग पाणी गार कसं? एका थाळीत वाळू, दुसरीत पाणी घेऊन उन्हात ठेवणार आहोत. तापाचा थर्मामीटर ४२ अंशांपर्यंतच जातो, वाळू त्याच्यापुढे जाईल. दापोलीत प्रयोगशाळेतला साधा थर्मामीटर कुठे मिळेल?