उत्तर: मेल्यावर केलेल्या तपासणीचा काय उपयोग?

मेलेल्या जनावरांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी संगणकावर जुळवून साथ लवकर ओळखता येईल, असं म्हटलं की लोक विचारतात: जनावर मेल्यावर लिहिलेला कागद ‘लवकर’ निदानाला कसा उपयोगी पडणार? त्या जनावराला नाहीच, पण मागे राहिलेल्या गोठ्याला नक्की. कधीकधी माणसांनाही. १९९९ साली न्यूयॉर्कमधल्या मेंदूज्वराला आधी ‘सेंट लुईस’ (डासांमुळे पसरणारा एक मेंदूज्वर) ठरवून मोकळे झाले होते. ब्रॉंक्स प्राणिसंग्रहालयाच्या पॅथॉलॉजिस्ट (मृत प्राणी तपासून रोग ओळखणाऱ्या) ट्रेसी मॅकनमारा मात्र मेलेले पक्षी उघडत होत्या आणि त्यांच्या मेंदूत सूज, रक्तस्राव दिसत होता. सेंट लुईसने पक्षी असे मरत नाहीत, हे त्यांना खटकलं. शेवटी वेस्ट नाईल हा वेगळाच विषाणू निघाला.

आपल्या इंदुरातही २०२०च्या डिसेंबरअखेर डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडले, नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले, बर्ड फ्लूचा एच५एन८ विषाणू निघाला. ढिगाने पडले म्हणून लक्ष गेलं, एकदोन असते तर सकाळच्या कचरागाडीत गेले असते.

खरी गोची नोंदीत आहे. ‘म्हैस, यकृतावर पांढरे ठिपके’ एवढंच लिहिलं, गाव नाही, वय नाही, तर संगणक डोंबल जुळवणार? त्यात नवा उत्साही डॉक्टर आला की नमुने वाढतात, तीही साथच वाटते.

आणि फाशी रोगाचा (अँथ्रॅक्सचा) संशय असेल तर जनावर उघडायचंच नसतं. कानाच्या शिरेतलं रक्त काचेवर घेऊन पाहतात. म्हणजे नुसतं शवविच्छेदनाचं रजिस्टर चाळलं तर तो सापडायचाच नाही, रक्तकाचांची वहीही जोडायला हवी.